हात लावून बघ: घरी शिकणारी मुलं, विज्ञान आणि आपण

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त रायपूर येथील एका वस्तीत पालक आणि मुलांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांचा प्रकाशाबद्दलचा प्रसिद्ध शोध लागला, म्हणून आपण आज विज्ञान दिन पाळतो. शाळाशाळांत आज फोटोला हार घातला जाईल, भाषणं होतील, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप बऱ्याच ठिकाणी तसंच राहील. त्या कुलपाबद्दल आणि आपल्या मुलांच्या हातांबद्दल मला आज बोलायचं आहे.

निमित्त एका आईच्या प्रश्नाचं आहे. महिनाभरापूर्वी ती मला म्हणाली, "मॅडम, मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवू का? मोठ्या कॉलनीतली काही मुलं शाळेत जातच नाहीत म्हणे. घरीच शिकतात, आठवड्यातून दोनदा प्रयोगाच्या क्लासला जातात, झाडं-पाखरं बघायला जातात. माझा मुलगा शाळेत जातो, पण प्रयोग असला की त्याला मागे उभं करतात. तू फक्त बघ, हात लावू नको, म्हणतात."

त्या आईला मी लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न वरून दिसतो तेवढा सोपा नाही. मुलांना घरी शिकवणं, निसर्गात नेणं, स्वतःच्या हातांनी प्रयोग करू देणं, हे सगळं चांगलंच आहे. पण आपल्या समाजासाठी 'घर' आणि 'हात' या दोन्ही शब्दांना मोठा इतिहास आहे. तो ध्यानात न घेता दुसऱ्यांची नक्कल केली, तर आपण फसू.

रायपूरचीच गोष्ट घ्या. या शहरात घरी शिकलेला सगळ्यात प्रसिद्ध मुलगा कोण? इथल्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी विवेकानंद. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र कोलकात्याहून कुटुंबासोबत रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षं इथे राहिला. त्या वेळी रायपूरला चांगली शाळा नव्हती, म्हणून वडिलांनीच त्याला घरी शिकवलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. वडील कोलकात्याच्या हायकोर्टातले वकील. घरात पुस्तकं, घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चा, आणि चौदा वर्षांच्या पोराला त्या चर्चेत बोलायची मुभा. पुढे तो कोलकात्याला परतला आणि शिक्षणाच्या वाटेवर परत लागला. दोन वर्षं शाळा बुडाली, पण त्याचं काही बिघडलं नाही.

आता त्याच काळात याच भागातल्या एखाद्या सतनामी मुलाचा विचार करा. शाळा त्यालाही नव्हती. तोही घरीच होता. पण त्याच्या घरी वकील बाप नव्हता, पुस्तकं नव्हती. त्याचं 'घरी शिकणं' म्हणजे बापाच्या मागे शेतावर राबणं, ढोरं राखणं. त्याच्या हाताला काम भरपूर मिळालं, पण त्या कामाला कुणी शिक्षण म्हटलं नाही. एकाच शहरात दोन मुलं शाळेविना वाढली. एकाच्या घरात जातीनं दिलेलं ग्रंथालय होतं, दुसऱ्याच्या घरात जातीनं लादलेलं काम. म्हणून कुणी 'घर हीच उत्तम शाळा' म्हणालं, की आपण विचारायचं: कुणाचं घर?

आता हाताकडे येते.

बाबासाहेबांचं बालपण आपल्याला पाठ आहे. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर वर्गात गोंधळ उडाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते. भीमरावाचा हात फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी ती मुलं धावत जाऊन डबे काढून आली. आपल्या मुलांना शाळेनं शिकवलेला पहिला धडा हा होता: हात लावू नको.

आणि याच हातांना दुसरीकडे सक्ती होती. मेलेलं जनावर ओढायला हात लाव. कातडं कमवायला हात लाव. गटारात हात घाल. म्हणजे नळाला, फळ्याला, पुस्तकाला हात लावायचा नाही, आणि जे दुसरं कुणी करणार नाही त्याला लावलाच पाहिजे. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच पायऱ्यांवर बसवते. हाताची मनाई आणि हाताची सक्ती ही एकाच व्यवस्थेची दोन कामं आहेत.

आता विज्ञानाचा पहिला नियम बघा. तो सांगतो, ऐकून मान्य करू नको. हात लाव, मोज, मोडून बघ, परत जोड. म्हणजे विज्ञानाचा पहिला नियम जातीच्या पहिल्या नियमाच्या नेमका उलटा आहे. म्हणून प्रयोगाचा वर्ग ही आपल्यासाठी हौस नाही. त्या मुलाला 'तू फक्त बघ' म्हणणाऱ्या शाळेनं त्याचं फक्त विज्ञान हिरावलं नाही, त्याला जुनाच धडा परत दिला.

मात्र 'हातानं शिकणं' या गोड शब्दाआड आपल्याला एकदा फसवलं गेलं आहे, तेही सांगितलं पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी रोज तीन तास शाळेत यायचं आणि उरलेला वेळ घरी आईबापाचा धंदा शिकायचा. ऐकायला किती छान! पुस्तकी शिक्षण कमी, हातानं शिकणं जास्त, घर हीच कार्यशाळा. पण न्हाव्याचं मूल घरी काय शिकणार? परटाचं काय? गावाबाहेर राहणाऱ्याचं काय? आणि घरी धंदा शिकायचाच, तर ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती, त्याच्या हाती लेखणीच राहणार. पेरियार आणि द्रविड चळवळीनं ही लबाडी ओळखली. या योजनेला त्यांनी 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रस्त्यावर उतरून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत मुलानं घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल, अशी सूट त्यात ठेवली आहे. आता घरचा धंदा कुणाचा काय असतो, हे आपल्या देशात जात ठरवते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचं आहे. कल्पना चांगली आहे. फक्त आपण डोळे उघडे ठेवायचे. वकिलाची मुलगी कुंभाराच्या चाकावर बसली आणि कुंभाराची मुलगी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी बसली, तर ते शिक्षण. कुंभाराची मुलगी परत चाकावरच बसली, तर ती जात.

आणि घरी शिकण्याचा अनुभव आपण सगळ्यांनीच एकदा घेतला आहे. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा प्रत्येक मूल घरीच शिकणारं झालं. आपल्या राज्यानं एप्रिल २०२० मध्ये 'पढ़ई तुंहर दुआर' सुरू केलं, अभ्यास तुमच्या दारी. दार सगळ्यांना होतं, पण फोन आणि नेट सगळ्यांकडे नव्हतं. मग 'पढ़ई तुंहर पारा' आलं. पाऱ्यात, गल्लीत, चौकात शिक्षक आणि गावातली शिकलेली पोरं-पोरी अंतर राखून वर्ग घेऊ लागली. नंतर 'अंगना म शिक्षा' आलं, ज्यात लहान मुलांच्या आयांनी घरातल्या भांड्यांनी, भाज्यांनी, धान्यानं मोजणं-ओळखणं शिकवायचं होतं. यातून मी एक गोष्ट शिकले. एकट्या घरानं भागलं नाही, पाऱ्यानं भागवलं. आपल्या मुलांना घर आणि शाळा यांच्या मधली ही तिसरी जागा हवी आहे. सगळ्यांची, वस्तीतली, हात लावू देणारी जागा.

तर त्या आईला माझं उत्तर हे आहे. मुलाला शाळेतून काढू नको. शाळेत जाणं हा त्याचा हक्क आहे. संविधानाचं कलम २१ क आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्याच्या पाठीशी आहे. मागे उभं करतात, त्याची लेखी तक्रार कर, आम्ही सोबत येतो. ज्यांची मुलं काही कारणानं शाळेबाहेर पडली आहेत, त्यांनाही सांगते. त्याच कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याची सोय मिळाली पाहिजे. चौदा पूर्ण झालेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी आहे, आपल्या राज्याचं मुक्त विद्यालयही आहे. कॉलनीतलं घरी शिकणारं मूल कागदाविना राहिलं तरी त्याच्यामागे ओळखी आहेत, पैसा आहे. आपल्या मुलाच्या मागे फक्त कागद आहे. तो कागद सोडायचा नाही.

पण प्रयोगाचा वर्ग? तो आपण करायचा, रविवारी, इथेच. शाळेत जाणारी, शाळा सुटलेली, घरी शिकणारी, सगळी मुलं एकत्र. यात नवं काही नाही. आपण एकाच राज्यात होतो तेव्हाची गोष्ट आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी माध्यमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला आणि पुढे एकलव्य संस्थेनं सांभाळला. पोरं टोळ्या करून प्रयोग करायची, शेतात फिरायची, निष्कर्ष स्वतः लिहायची. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती आणि प्रयोगालाही गुण होते. वाढत वाढत तो सुमारे हजार शाळांत गेला. २००२ साली सरकारनं तो बंद केला. आज महागड्या क्लासात जे विकलं जातं, ते तीस वर्षं सरकारी शाळांतल्या शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांना मिळत होतं. म्हणून हे श्रीमंतांचं शिक्षण आहे, आपल्याला परवडणार नाही, असं कुणी म्हणू नका. ते आपलंच होतं.

आता वर्गात करायचं काय? मी चार प्रयोग सांगते. मुलांनो, नीट ऐका, हे तुमच्यासाठी आहे.

पहिला प्रयोग सावलीचा. आपल्या सतनामी भावांच्या चौकात जैतखांब आहे, विहारासमोर पंचशील ध्वजाचा खांब आहे. त्याची उंची किती? वर चढायचं नाही. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. समजा ऐंशी सेंटिमीटर भरली. त्याच वेळी खांबाची सावली मोजा. समजा पाच मीटर साठ सेंटिमीटर भरली. पाचशे साठला ऐंशीनं भागा, सात येतात. खांब सात मीटर उंच. मोठे झालात की गिरौदपुरीला जा. गुरू घासीदासांच्या त्या जन्मगावी सत्याहत्तर मीटर उंच जैतखांब आहे, कुतुबमिनाराहून उंच. त्याचीही सावली मोजा. आणि मोजताना एक लक्षात ठेवा. पेशवाईत पुण्यात सकाळ-संध्याकाळ आपल्या माणसांना शहरात यायला मनाई होती, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात आणि आपल्या सावलीनं लोक बाटतात, असं ते मानत. सावली म्हणजे काय? प्रकाश अडला, बस. ती कुणाला चिकटत नाही. ती उंची सांगते, वेळ सांगते. काठी तीच ठेवून सकाळी आठला, बाराला आणि चारला मोजा आणि वहीत लिहा. सावली का लहान-मोठी होते, ते तुम्हीच मला पुढच्या रविवारी सांगाल.

दुसरा प्रयोग पाण्याचा, आणि यात मोठ्यांनी सोबत राहायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू मिसळले आहेत का, हे सांगणारी एक छोटी बाटली मिळते. तिच्यात औषध लावलेली पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. त्या जंतूंमुळे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि पाणी काळं पडतं. काळं पडलं तर ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. काळी बाटली मुलांनी उघडायची नाही. मोठ्यांनी ब्लीचिंग पावडर टाकून तिची विल्हेवाट लावायची. काळं पडलं नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. फ्लोराइड, आर्सेनिक या बाटलीला कळत नाही. काविळीच्या साथी या शहरानं पाहिल्या आहेत. नळाची पाइप कुठे नालीतून जाते, हे आपल्या वस्तीत प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक गल्लीतलं पाणी तपासा, तारीख घाला, नकाशावर खूण करा. तो नकाशा घेऊन आपण महापालिकेत जाऊ. निसर्गाचा वर्ग म्हणजे फक्त फुलपाखरं नाहीत, वस्तीची नालीही त्यात येते.

आणि या बाटलीपाशी मला महाड आठवतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? एकशे आठ घागरी पंचगव्यानं. त्यात दूध-दही होतं, तसंच शेण आणि गोमूत्रही होतं. मुलांनो, तुम्हीच सांगा, आपली बाटली माणूस पाणी प्यायल्यानंतर काळी पडली असती, की शेण ओतल्यानंतर? (हशा) हसा, पण लक्षात ठेवा. शुद्ध-अशुद्ध ठरवायचा हक्क ज्यांनी स्वतःकडे ठेवला होता, त्यांना शुद्ध म्हणजे काय हे कळत नव्हतं. बाटलीला जात कळत नाही, जंतू कळतात.

तिसरा प्रयोग शाईचा. इथे ज्याला हर्रा म्हणतात तो आपला हिरडा. छत्तीसगडच्या जंगलातून आदिवासी बाया तो गोळा करून आणतात. हिरड्याची पूड पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. मग दोन्ही पाणी एकत्र करा. काळीभोर शाई होईल. ब्रशनं तुमचं नाव लिहा, वाळलं की आणखी गडद होईल. हिरड्यात टॅनिन नावाचा पदार्थ असतो, तो लोखंडाशी जुळून काळा रंग देतो. युरोपातली कित्येक जुनी हस्तलिखितं अशाच टॅनिन आणि लोखंडाच्या शाईत लिहिलेली आहेत, फक्त त्यांच्याकडे हिरड्याऐवजी ओक झाडाच्या गाठी होत्या. आता दुसरी बाजू. हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, मग कातडं कुजत नाही. आपल्या पूर्वजांनी हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कातडं कमावलं, ते हेच रसायनशास्त्र. एकाच टॅनिननं शाई होते आणि चामडंही होतं. शाईवाला देवळात बसला, चामडंवाला गावाबाहेर. फरक पदार्थात नव्हता.

प्रा. कांचा इलय्या यांनी मुलांसाठी एक इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे, 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड'. २००७ साली ते आलं आणि त्यातली चित्रं गोंड कलाकार दुर्गाबाई व्याम यांची आहेत. कुंभार, चांभार, परीट, शेतकरी, आदिवासी यांच्या हातांनी कोणतं विज्ञान उभं केलं, हे त्यात मुलांना समजेल असं सांगितलं आहे. ते आपल्या वाचनालयात हवं. पण मी एक जोडते. आजोबांच्या कामात विज्ञान होतं, याचा अभिमान जरूर बाळगा. म्हणून नातवानं तेच काम करावं, असं मात्र नाही. आपण शाई करू, टॅनिन समजून घेऊ आणि रसायनशास्त्राच्या पदवीला जाऊ. कातडं सोलायला कुणी बोलावलं तर सरळ नाही म्हणू.

चौथा प्रयोग धानाचा. आपला हा मुलूख धानाचा कटोरा. मिठाचं पाणी इतकं दाट करा की अंडं वर तरंगेल. त्यात बियाण्याचं धान टाका. पोकळ दाणे वर येतात, भरीव खाली बसतात. खालचे स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. त्यातले शंभर मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, आठवड्यानं किती उगवले ते मोजा. नव्वद उगवले तर नव्वद टक्के. टक्केवारी पुस्तकात कठीण वाटते, गोणपाटात नाही.

हे बियाणं कुणाचं, हेही विचारा. १९७० च्या दशकात डॉ. रा. ह. रिछारिया यांनी रायपुरात भात संशोधनाचं काम केलं आणि छत्तीसगडच्या गावागावांतून सुमारे १९,००० नमुने जमवले. ते आज इथल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात आहेत. २००२ साली सिंजेंटा या परदेशी कंपनीशी विद्यापीठाचा करार होणार असल्याचं बाहेर आलं. शेतकरी आणि संघटनांनी आवाज उठवला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. एवढी वाणं कुणी निवडली? कुठल्या शेतात पाणी साचतं, कुठलं वाण लवकर येतं, कुठल्याला वास आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून ज्यांनी बी राखलं, ती गोंड, सतनामी, कुर्मी, साहू, तेली घरांतली माणसं, आणि त्यात बाया जास्त. संग्रहात नमुन्यांना क्रमांक आहेत, त्या बायांची नावं नाहीत. आपल्या वर्गाच्या वहीत नावं लिहायची. बी कुणी दिलं, कुणाच्या आजीनं राखलं, सगळं लिहायचं.

यावरून वर्गाचे नियम ठरतात. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना वाचन, लेखन, हिशेब यांच्यासोबत शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या, असं मागितलं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, गरज पडली तर नांगर किंवा वाकस हातात धरायला न लाजणारा हवा, असंही म्हटलं. आपण तेच करायचं. कॉलनीतल्या निसर्गफेरीत मी पाहिलं आहे, क्लासवाल्या बाई पोरांना पानं दाखवत होत्या आणि बागेत झाडू मारणारी मावशी बाजूला उभी होती. चरोटा, म्हणजे आपला टाकळा, पावसाळ्यात कुठे उगवतो, कोवळा कधी खुडायचा, हे तिला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही. आपल्या वर्गात ती मावशी गुरुजी असेल. तिला बसायला खुर्ची असेल, मानधन असेल आणि फळ्यावर तिचं नाव असेल.

दुसरा नियम, झाडलोट आणि पाणी भरणं पाळीनं. मुलगे आणि मुली, सगळ्या जातींची मुलं, आणि मोठी माणसंसुद्धा. तिसरा नियम भाषेचा. १९८० च्या दशकात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत काम केलं. या मुलांच्या वाटेत मोठा अडसर त्यांना दिसला तो पुस्तकातल्या भाषेचा. डोकं कमी नव्हतं, भाषा परकी होती. म्हणून आधी घरच्या भाषेत बोला, मराठीत, छत्तीसगढीत, आणि मग हिंदी-इंग्रजी शब्द शिका. पण शिका नक्की, ते सोडू नका. पुढची दारं त्या शब्दांनीच उघडतात. चौथा नियम, प्रत्येक मुलाच्या हातात साधन आलं पाहिजे. भिंग एकच असलं तरी पाळीनं प्रत्येकाच्या हातात. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी सड्डूच्या विज्ञान केंद्रात जायचं, प्रेक्षक म्हणून नाही, आपल्या वहीतले प्रश्न घेऊन.

शेवटी एक नाव घेते. रोहित वेमुला. हैदराबाद विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज या विषयात संशोधन करणारा आपला मुलगा. शिवणकाम करून आईनं वाढवलेला. त्याला विज्ञानाचा लेखक व्हायचं होतं, कार्ल सेगनसारखा. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. विज्ञान त्याला आवडत होतं, ताऱ्यांवर त्याचं प्रेम होतं, आणि तरी विद्यापीठानं त्याला वसतिगृहाबाहेर काढलं. नुसतं हुशार असून आपल्याकडे पुरत नाही, हे त्याच्या जाण्यानं सांगितलं. मुलाला विज्ञान द्यायचं, तर सोबत माणसंही द्यावी लागतात. म्हणून मी त्या आईला म्हणते, मुलाला घरात एकटं शिकवू नको. त्याला दहा मुलांत बसव. वेगवेगळ्या जातींच्या मुलांत बसव. पुढे कुठल्या प्रयोगशाळेत कुणी त्याला 'हात लावू नको' म्हणालं, तर त्याच्या बाजूनं बोलायला ती दहा मुलं उभी राहतील.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता इथेच भेटू. प्रत्येकानं एक काठी, एक वही आणि घरच्या नळाचं पाणी आणायचं. पुढचं तुम्ही हात लावून बघायचं.

जय भीम, जय सतनाम, जय संविधान!